जयपूरच्या गच्चीवरची बेगमी

जयपूरच्या चांदपोल बाजारातून दीनानाथजींच्या रस्त्याला वळलं की घाऊक किराण्याची दुकानं लागतात. सुकामेवा, मसाले, पापड, मुगाच्या मंगोड्या यांच्या पोत्यांशेजारी काळपट तपकिरी, बारीक, वेड्यावाकड्या शेंगांचं एखादं पोतं हटकून दिसतं. ही सांगरी. खेजडीच्या झाडाच्या कोवळ्या शेंगा उकडून उन्हात वाळवल्या की त्या वर्षभर टिकतात. चांगल्या प्रतीच्या सुक्या सांगरीचा भाव आता किलोला हजार रुपयांच्या वर गेला आहे. लग्नाच्या पंगतीत केर-सांगरी वाढली तर यजमानाने हात आखडता घेतला नाही, असं पाहुणे मानतात.

ही शेंग मानाच्या ताटात फार उशिरा आली. तिचा जन्म टंचाईत झाला आणि तिला जगवलं ते घरखर्चाचा हिशेब सांभाळणाऱ्या बायकांनी. भाजी स्वस्त असताना घ्यायची, उन्हाच्या हवाली करायची आणि महाग झाली की डब्यातून काढायची, हा तो हिशेब. जयपुरात आज कुणी हिवाळ्यात स्वस्त मिळालेली अळंबी चिरून गच्चीवर वाळत घालत असेल, तर त्या घरात शिरलेली भाजी नवी आहे. हिशेब मात्र या शहराहूनही जुना आहे.

सवाई जयसिंगांनी १७२७ साली जयपूर वसवलं, त्याच्या कितीतरी आधीपासून अरवलीच्या दोन्ही अंगांची गावं रानातलं फळ वाळवून जगत होती. केर हे काटेरी झुडपावरचं हिरवं, वाटाण्याएवढं, कडवट फळ. मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरच्या माळरानावर हेच झुडूप नेपती म्हणून ओळखलं जातं. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा होते ती. गुंदा म्हणजे भोकर. कुमट हे डिंक देणारं झाड. त्याच्या चपट्या बिया वाळवून ठेवतात. केर, सांगरी, गुंदा आणि कुमट यांत आंबटपणासाठी आमचूर पडला की पंचकुटा तयार होतो. पाचव्या जिनसाबद्दल घरोघरी मतभेद आहेत, काही ठिकाणी तो मान लाल मिरचीला मिळतो. यातल्या चार वस्तूंना विहिरीचं पाणी लागत नाही, नांगर लागत नाही, बियाणंही विकत आणावं लागत नाही.

राजपुतान्याचा इतिहास लिहिणारा कर्नल जेम्स टॉड याच्या ग्रंथाचा दुसरा खंड १८३२ साली निघाला. वाळवंटाच्या वर्णनात त्याने केरच्या फळाला जागा दिली आहे. लोक ते भिजत घालून त्यातला कडवटपणा कसा काढतात, हे त्याने लिहून ठेवलं. राजघराण्यांच्या वंशावळीत आणि लढायांत रमलेल्या या गोऱ्या अधिकाऱ्याला एका रानफळाच्या पाककृतीची नोंद घ्यावीशी वाटली, यावरूनच तिकडच्या जगण्यात त्या फळाचं वजन किती होतं ते कळतं.

१८६८ साली पावसाने दगा दिला. धान्य, चारा आणि पाणी तिन्ही एकदम आटलं. राजस्थानात अशा वर्षाला त्रिकाल म्हणतात. तेव्हा जयपूरपर्यंत रेल्वे आलेली नव्हती. ती आली १८७०च्या दशकाच्या मध्यात. बाहेरून धान्य आणायचं तर बैलगाडीने किंवा उंटावरून, आणि वाटेत बैलांना चारा नाही, पाणी नाही. म्हणजे पैसा असला तरी दाणा पोचत नव्हता. त्या वर्षी माणसांनी खेजडीची सालच सोलली. ही साल किंचित गोडसर असते. ती वाळवून, दळून, जे काही पीठ हाताशी असेल त्यात मिसळून तिच्या भाकऱ्या केल्या गेल्या. जॉर्ज किंग नावाच्या डॉक्टर-वनस्पतितज्ज्ञाने मारवाडातल्या या दुष्काळी अन्नाची यादी १८६९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या वृत्तांतात छापली. हाच किंग पुढे १८९० साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा पहिला संचालक झाला. गवताचं बी, झाडाची साल, रानफळं असल्या गोष्टी त्या यादीत आहेत. उपाशी माणसांचं ज्ञान एका शास्त्रीय नियतकालिकात पोचल्याचं हे फार मोलाचं उदाहरण आहे.

जयपुरात १८६८च्या त्या दुष्काळात महाराजा रामसिंग दुसरे यांनी रामनिवास बाग काढण्याचं काम सुरू केलं. हातांना काम आणि पोटाला दाणा मिळावा हा त्यामागचा हेतू होता. आज जे पर्यटक अल्बर्ट हॉल संग्रहालय पाहायला जातात, ते या बागेतूनच चालत जातात. संग्रहालयाची पायाभरणी १८७६ सालची, पण भोवतालची बाग दुष्काळाने घडवलेली आहे.

त्या दुष्काळानंतर तीसेक वर्षांनी विक्रम संवत १९५६ उजाडलं, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. त्या दुष्काळाचं नावच छप्पनिया पडलं. आता रेल्वे होती, धान्य येऊ शकत होतं. पण गुरं चाऱ्यावाचून मेली, शेतात काम उरलं नाही आणि धान्य विकत घ्यायला लोकांकडे पैसा नव्हता. जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंग दुसरे यांनी १९०० साली १५ लाख रुपये देऊन देशभरासाठी एक दुष्काळ निधी उभा केला. पुढची कित्येक वर्षं सासूने सुनेला दाणा-गोटा जपायला शिकवताना या दुष्काळाचं नाव घेतलं. आपल्याकडे १९७२चा दुष्काळ पाहिलेली पिढी सुकडी आणि लाल मिलो ज्वारी अजून विसरलेली नाही. ज्या आजीने एकदा रिकामी कणगी पाहिली, ती पुढे सुगीच्या वर्षीही चार शेर जास्तच वाळवते.

वाळवायला जयपूरसारखी हवा फार थोड्या शहरांना मिळाली आहे. वर्षाचा पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. मार्चपासून हवेतला ओलावा झपाट्याने उतरतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या पुढे जातो आणि पश्चिमेकडून कोरडी लू वाहते. मुंबईच्या दमट उन्हात जी फोड दोन दिवस ओलसर राहते, ती इथे त्याहून कितीतरी लवकर कडक होते. वाळवणात उष्णतेइतकंच काम वाहत्या कोरड्या हवेचं असतं. तापलेली पण ओलावलेली हवा भाजीतलं पाणी शोषू शकत नाही. भाजी नुसती कोमट होते आणि तिला बुरशी धरते.

जुन्या परकोट्यातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या, हवेल्यांना सपाट गच्च्या आहेत आणि गच्चीला उंच कठडे, अनेकदा जाळीचे. जिथे बायकांना पडदा पाळावा लागत होता, तिथे घरातली सर्वांत मोकळी जागा हीच. तिचं एक स्वतंत्र पंचांग आहे. मकरसंक्रांतीला ती पतंग उडवणाऱ्यांची असते. ऊन चढू लागलं की तिथे मंगोड्या येतात: मुगाची डाळ भिजवून वाटायची, हिंग-मिरची घालून फेसायची आणि खाटेवर पसरलेल्या कापडावर बोटांनी छोटे छोटे ठिपके टाकत जायचं. होळीच्या आगेमागे पापड, बटाट्याचे काप. त्यानंतर एप्रिल-मेत सांगरी आणि केर. पावसाळ्यानंतर काचरी, म्हणजे रानकाकडीच्या कुळातलं छोटं आंबट फळ, आणि गवारीच्या शेंगा. ढेमशाच्या वाळवलेल्या चकत्यांना फोफलिया म्हणतात, काकडीच्या वाळलेल्या लांब पट्ट्यांना खेलरा. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला यात परकं काही वाटणार नाही. हरभऱ्याचा सुका पाला, गवारीच्या आणि कारल्याच्या काचऱ्या, सांडगे, खारोड्या, कुरडया यांनी भरलेले डबे आपल्या माजघरातही होतेच.

सांगरीचं काम सोपं वाटतं, तसं ते नाही. शेंग कोवळी, हिरवी असतानाच तोडावी लागते. आत बी भरलं, शेंग पिवळी पडली की ती खोखा होते. मग ती मुलं गोड म्हणून खातात आणि शेळ्या चघळतात, भाजीला ती चालत नाही. म्हणजे तोडणीला जेमतेम काही आठवडे मिळतात, आणि झाड काटेरी, उंच. तोडलेल्या शेंगा निवडायच्या, उकळत्या पाण्यात थोडा वेळ शिजवायच्या, निथळून पसरायच्या. या उकडण्यामुळे शेंग खराब करणारी क्रिया थांबते, रंग टिकतो आणि पुढे शिजवताना ती लवकर मऊ होते. अन्नतंत्राच्या पुस्तकांत ही पायरी फार पुढे आली. गावातल्या बायकांना ती अनुभवाने ठाऊक होती.

केरला त्याहून जास्त दिवस लागतात. ताजा केर तोंडात धरवत नाही इतका तिखट-कडू असतो. तो मातीच्या मडक्यात मिठाच्या पाण्यात किंवा ताकात बुडवून ठेवतात, पाणी बदलत राहतात, आणि हिरवा रंग पिवळसर होऊन कडवटपणा गेला की मग उन्हात घालतात. यासाठी लागणारं मीठ जयपूरपासून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या सांभर सरोवरातलं. या सरोवरावर जयपूर आणि जोधपूर या दोन संस्थानांची सामाईक मालकी होती. १८७०च्या सुमारास इंग्रज सरकारने दोघांकडूनही ते भाडेपट्ट्याने घेतलं. मिठावरचा कर वसूल करण्यासाठी देशाच्या मधोमध काटेरी कुंपण घालून सरकारने जी जकातीची रेषा आखली होती, ती सांभर हातात आल्यावर अनावश्यक ठरू लागली आणि १८७९ साली मोडली गेली. मडकंभर केर खारवणाऱ्या घराला या साऱ्या कारभाराची ओळख बाजारातल्या मिठाच्या भावातूनच होत असे.

टंचाई आणि काटकसर एवढ्यावरच ही परंपरा उभी असती तर सुबत्ता येताच ती मोडून पडली असती. तिला धर्माचाही आधार मिळाला. जयपूर हे अठराव्या शतकापासून जैनांचं मोठं केंद्र. पंडित टोडरमल यांच्यासारखे विद्वान इथलेच. अनेक जैन घरांत अष्टमी-चतुर्दशीसारख्या तिथींना हिरवी भाजी वर्ज्य असते. महिन्यातले असे दिवस मोजले तर वर्षाकाठी त्यांची संख्या बरीच होते. त्या दिवशी पापडाची भाजी, मंगोडी, बेसनाचे गट्टे, दाणामेथी, केर-सांगरी. ताजी भाजी नसताना ताट उणं वाटू नये म्हणून किती कल्पकता खर्च झाली, हे मारवाडी स्वयंपाकघरात पाहावं.

होळीनंतर आठव्या दिवशी शीतलाष्टमी येते. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी रांधलेलं गार अन्न खायचं. त्याला बासोडा म्हणतात. जयपूर जिल्ह्यात चाकसूजवळच्या शील डुंगरीवर शीतलामातेची मोठी जत्रा भरते. बासोड्याच्या ताटात पुऱ्या, राबडी आणि दह्याच्या पदार्थांबरोबर केर-सांगरी किंवा पंचकुटा असतो. त्याचं कारण सरळ आहे. या भाजीत पाण्याचा अंश कमी, आमचुराचा आंबटपणा भरपूर आणि तेल सढळ. मार्चच्या उन्हात ती दुसऱ्या दिवशीही आंबत नाही. याच गुणामुळे ती प्रवासात गेली.

सीकर-झुंझुनूकडच्या शेखावाटीतले व्यापारी कलकत्ता, मुंबई, हैदराबाद, नागपूरकडे पांगले तेव्हा त्यांच्या गाठोड्यांत मंगोड्या, पापड आणि सुकी सांगरी होती. जयपूर संस्थानातल्या सीकरजवळच्या काशी का बास या गावी १८८९ साली जन्मलेले जमनालाल बजाज वर्ध्याच्या एका मारवाडी घरात दत्तक गेले. पुढे ते जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष झाले, आणि १९३९ साली जयपूर संस्थानात शिरण्याची बंदी मोडल्याबद्दल त्यांना अटक झाली. गांधीजींनी १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, त्याचं कार्यालय वर्ध्यात बजाजांनीच दिलेल्या जागेत, मगनवाडीत थाटलं गेलं. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथे बसून हातसडीचे तांदूळ, घाणीचं तेल, गूळ अशा घरगुती अन्नप्रक्रियांचं अर्थशास्त्र मांडत होते. घरात होणारं काम हा उत्पादनाचाच भाग आहे, हा त्यांचा आग्रह होता. वाळवणाला तो तंतोतंत लागू पडतो. गच्चीवर दोन महिने राबलेल्या हातांची मजुरी कुठल्याच वहीत लिहिली गेली नाही, म्हणून ती भाजी स्वस्त पडली. हे उघडपणे म्हणायला हवं.

आता अळंबीकडे वळायचं तर आधी वाळवंटात जावं लागतं. पावसाच्या पहिल्या सरींनंतर जैसलमेर, बिकानेर, नागौर, जोधपूर या पट्ट्यातल्या वाळूतून पांढरट खुंबी वर येते. तिच्या दोन जाती प्रसिद्ध आहेत. पोडॅक्सिस ही मिटलेल्या छत्रीसारखी उभी, आणि फेलोरिनिया ही गोलसर, जाड सालीची. पोडॅक्सिस कोवळी असेपर्यंतच खाण्याजोगी. वय झालं की तिच्या पोटात काळी भुकटी भरते. गुराखी आणि शेतकरी ती पहाटे गोळा करतात, ताजी विकतात आणि उरलेली चिरून वाळवतात. हंगाम थोड्या दिवसांचा, भाव चढा, म्हणून वाळवलेली खुंबी घरात जपून वापरली जाते. हिमालयात गुच्छी दोऱ्यात ओवून वाळवतात, इथे वाळूतली खुंबी खाटेवर वाळते.

जयपूरच्या ब्राह्मण-बनिया घरांत मात्र तिला दार बंद होतं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याबरोबर कवकही द्विजांना निषिद्ध ठरवलेलं आहे. जैन आहारातही अळंबी बसत नाही. कोकणात श्रावणाआधीची अळंबी आणि गोव्यात ओळमी ज्या आवडीने खाल्ली जाते, तसं जयपुरात घडलं नाही. शहरात अळंबी आली ती लागवडीची, पांढरी बटण जातीची, आणि आली हॉटेलांच्या व लग्नाच्या जेवणावळींच्या वाटेने. तिच्या भारतातल्या लागवडीचं मूळ हिमाचलातल्या सोलनला आहे. तिथे १९६१ साली अळंबी लागवडीची योजना सुरू झाली, १९८३ साली राष्ट्रीय संशोधन केंद्र उभं राहिलं आणि २००८ साली ते अळंबी संशोधन संचालनालय झालं. राजस्थानात या विषयावर उदयपूरचं महाराणा प्रताप कृषी विद्यापीठ काम करतं.

बटण अळंबीच्या भावाचं गणित तपमानात आहे. तिचे कोंब फुटायला १४ ते १८ अंश लागतात. हिवाळ्यात उत्तर भारतात साध्या झोपड्यांतही ती उगवते, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी जयपूरच्या मुहाना भाजी मंडीत माल भरपूर आणि भाव उतरलेला. उन्हाळ्यात ती फक्त वातानुकूलित खोल्यांत पिकते, म्हणून महाग. फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांत तिचा रंग जातो, अंगाला चिकटपणा येतो. हिवाळ्यात घ्यायची आणि उन्हाळ्यासाठी वाळवायची, हा विचार इथे आपसूक सुचतो.

ताज्या अळंबीत सुमारे नव्वद टक्के पाणी असतं. किलोभर अळंबी वाळली की हातात शंभर ग्रॅमच्या आसपास उरते. त्यामुळे बचत होते ती दोन प्रसंगी: भाव पडलेला असताना जास्त घेतली तर, किंवा घरात आलेली वाया जाणार असेल तर. चढ्या भावाने घेऊन वाळवण्यात घरखर्चाला काहीच हातभार लागत नाही. जानेवारीत जयपुरात धुकं असतं, सकाळी दव पडतं. खरा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा. तेव्हा अळंबी अजून स्वस्त असते आणि हवा कोरडी झालेली असते.

बटण अळंबीच्या चार-पाच मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या, दोन मिनिटं उकळत्या पाण्यात लिंबाचा रस टाकून त्यात बुडवायच्या, निथळायच्या. सांगरीचीच पायरी ही, आणि कारणही तेच: कापल्यावर काळं पडण्याची क्रिया उष्णतेने थांबते. मग खाटेवर मलमल पसरून तिच्यावर एकेक चकती सुटी ठेवायची, वरून दुसरी मलमल, सूर्यास्ताआधी आत. चकती वाकण्याऐवजी कट्कन मोडली की झालं. बरणीत भरल्यावर पहिल्या आठवड्यात काचेला आतून वाफ धरली तर पुन्हा उन्हात. ढिंगरी अळंबी याहून सोपी. हाताने फाडून वाळत घातली तरी चालते, आणि तिची चव वाळल्यावर वाढते. गव्हाच्या काडावर ढिंगरी घेणारे शेतकरी न खपलेला माल वाळवूनच ठेवतात. वापरताना कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची आणि ते पाणी रश्श्यात घालायचं, ओतून द्यायचं नाही. उन्हाचा आणखी एक फायदा आहे: अळंबीतल्या अर्गोस्टेरॉलपासून सूर्याच्या अतिनील किरणांमुळे ड-२ जीवनसत्त्व तयार होतं, ही गोष्ट यंत्राच्या बंद पेटीत घडत नाही. रानात उगवलेली अनोळखी अळंबी मात्र कुणी वाळवू नये. काही जातींचं विष उकळून जात नाही आणि वाळवूनही जात नाही.

यंत्राने वाळवण्याला या देशात युद्धाने चालना दिली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या शिध्यासाठी बटाटे आणि भाज्या वाळवण्याचे कारखाने निघाले. १९५० साली म्हैसूरला केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे काझरीने, उन्हावर चालणारे बंदिस्त वाळवणयंत्र तयार केले. धूळ, माश्या, पक्षी यांच्यापासून भाजी वाचवायची हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या तरुणांनी सुरू केलेल्या एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने सौर वाळवणयंत्र गावातल्या बायकांच्या हाती दिलं. विकल्या न गेलेल्या भाज्या वाळवून त्यांची खात्रीची विक्री करून द्यायची, या कामासाठी कंपनीला २०२३ साली अर्थशॉट पुरस्कार मिळाला. गच्चीवरच्या कामाला इथे मजुरी आणि पावती लागली, म्हणून ही घटना महत्त्वाची.

सांगरीच्या बाजूने मात्र काळजी वाटावी अशी बातमी आहे. खेजडी १९८३ पासून राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात हीच झाडं वाचवताना अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला, ही कथा सर्वांना ठाऊक असते. त्या झाडाची आजची स्थिती मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. नागौर, सीकर, झुंझुनू भागांत उभी झाडं वाळत असल्याचं शास्त्रज्ञांना आढळलं. मुळं पोखरणारा भुंगा आणि गॅनोडर्मा ही बुरशी त्याला कारण असल्याचं अभ्यासांत दिसलं. भूजल खाली गेलं, ट्रॅक्टरने मुळं तुटली, फांद्यांची छाटणी वाढली, आणि अशक्त झाडाला रोग लवकर धरतो. त्यात भर म्हणून बिकानेर-जोधपूरकडे सौरऊर्जा प्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्या जात आहेत आणि बिश्नोई समाजाने त्याविरुद्ध धरणं धरलं. वीज हवीच, पण जे झाड विहिरीच्या पाण्यावाचून शेंग, चारा, सावली आणि सरपण देतं, त्याची किंमत प्रकल्पाच्या हिशेबात धरली जात नाही, हे चूक आहे.

बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागायती संस्थेने यावर कलमांचा मार्ग काढला. थार शोभा ही त्यांची खेजडीची जात जवळजवळ बिनकाट्यांची आहे. डोळा भरून तयार केलेलं रोप बियाच्या झाडापेक्षा कितीतरी लवकर फळतं, आणि छाटून ठेवलं तर शेंगा जमिनीवर उभं राहून तोडता येतात. शिडी, काटे आणि पडण्याची भीती गेली की हे काम म्हाताऱ्या बाईलाही जमतं. राजस्थानच्या ग्रामीण आजीविका योजनेतले, राजीविकाचे, बचत गट केर-सांगरी, मंगोडी, पापड भरून जयपूरच्या सरस राजसखी मेळ्यात दुकान लावतात. तिथे पिशवीवर गटाचं आणि गावाचं नाव छापलेलं असतं, आणि पैसे थेट त्या बायकांच्या गटाच्या खात्यात जातात.